पिवळ्या फुलांच्या उंच दांड्याची ओळख

आज कुलू खोऱ्यात रस्त्याकडेच्या दगडगोट्यांमध्ये पुरुषभर उंचीची, पिवळ्या फुलांच्या सरळ दांड्याची एक वनस्पती मनसोक्त पाहता आली आणि पाने, खोड, फूल असे सगळे तपासल्यावर ती व्हर्बॅस्कम थॅप्सस, म्हणजेच इंग्रजीतले ‘मलीन’ (mullein), असल्याची खात्री पटली. इकडे तिला गीदड तमाखू असेही म्हणतात.

ओळखीची सुरुवात पानांपासून करावी. दोन्ही बाजूंनी दाट, राखाडी लव असलेले हे पान हाताला घोंगडीसारखे जाड लागते आणि त्याचा तळ खोडाशी न थांबता खोडावरून पंखासारखा खाली उतरत जातो. फुलाला पाच पाकळ्या आणि पाच पुंकेसर असतात; भिंगातून पाहिले, तर वरच्या तीन पुंकेसरांच्या तंतूंवर लोकर दिसते, खालचे दोन मात्र जवळजवळ गुळगुळीत असतात. मला हीच खूण सर्वांत देखणी वाटली.

पहिल्या वर्षी जमिनीलगत फक्त पानांचा गुच्छ असतो. दुसऱ्या वर्षी दांडा वर येतो, फुलतो आणि बिया टाकून झाड मरते. व्हर्बॅस्कम या प्रजातीतील (जीनसमधील) बियांची चिकाटी थक्क करणारी आहे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ मध्ये अमेरिकेतील मिशिगनमध्ये बाटल्यांतून पुरून ठेवलेल्या बियांपैकी काही २०२१ मध्ये रुजल्या आणि ती रोपे व्हर्बॅस्कमचीच होती. अमेरिकेत मलीन बाहेरून आलेले तण मानले जाते. हिमालयात मात्र ते मूळचे आहे.