कुलाबा किल्ला पाहायचाय? आधी तिथी बघा

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ला अगदी जवळ दिसतो, पण तिथे पायी जाता येईल की नाही हे समुद्र ठरवतो. म्हणून राहायची सोय बघण्याआधी दिनदर्शिका उघडा.

कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती आणि सहा तासांनी, नऊला, ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अष्टमीची दुपारी बाराची ओहोटी सोयीची वाटते, पण ते भांगाचे दिवस, पाणी फारसं हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी येते पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणून द्वितीया ते पंचमी हे दिवस मला सर्वांत चांगले वाटतात. आम्ही हिवाळ्यात वद्य तृतीया धरून गेलो आणि आठच्या सुमारास ओल्या वाळूतून चालत निघालो. छापील वेळापत्रक पडताळा आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांनाही विचारा. पाणी फिरलं की रेंगाळू नका.

वाळू संपली की खडक लागतात. त्यांवर शेवाळ असतं आणि कालवांच्या कडा पाय कापतात, तेव्हा पट्ट्याच्या सँडल हव्यात, चपला नकोत.

शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये या किल्ल्याचं बांधकाम हाती घेतलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी किल्ला पडला नाही. तटाजवळ थांबून बांधणी जरूर बघा. प्रचंड काळे दगड नुसते एकावर एक रचलेत, सांध्यांत चुना नाही. लाट आपटते, पाणी फटींत शिरतं, तिथेच त्याचा जोर मोडतो आणि ते परत बाहेर येतं. समुद्राशी रोज झुंजणारा तट असा सैल सांध्यांचा ठेवणाऱ्या पाथरवटांपुढे मी मनोमन हात जोडले. दरवाज्यावरचं कोरीवकाम बघतानाही पाय निघत नाही.

आत रघुजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे. गणपतीभोवती इतर देवता, असं हे पंचायतन. समोर पुष्करणी आहे. चहूकडे खारं पाणी असताना किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, ती चुकवू नका. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांच्यावर 1849 साल आहे, म्हणजे त्या आंग्र्यांच्या नव्हेत : 1840 मध्ये त्यांचं संस्थान खालसा झालं होतं.

बहुतेक जण इथूनच परततात. वेळ असेल तर शेजारच्या सर्जेकोट या छोट्या किल्ल्याकडे वळा. मधल्या खडकांत ओहोटीला डबकी उरतात आणि तिथे बसून राहिलं की एकेक जीव दिसू लागतो : शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे, सावली पडताच मिटणारी समुद्रफुलं, फटीत दडलेले इवलेसे मासे. थंडीत कुरव आणि तुतवार हे पक्षीही येतात. दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा, त्याच्या खाली कुणाचं तरी घर असतं. जिवंत शंख उचलून आणू नका. प्लास्टिक तर मुळीच टाकू नका, पुढच्या भरतीला ते थेट याच डबक्यांत येतं.

मुंबईहून येणाऱ्यांनी गेटवेहून मांडव्याची लाँच धरावी. गाडी बरोबर असेल तर भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणारी रो-रो बोट आहे. पावसाळ्यात मात्र किल्ल्याचा बेत नकोच. पिण्याचं पाणी आणि टोपी घ्या, तटावर सावली फार कमी आहे. परतल्यावर अलिबाग गावातच कान्होजींची समाधी आहे, तिथे जायला ओहोटीची वाट पाहावी लागत नाही.