भावकीचा कोड कुठला?

१४ डिसेंबर २०२४, रात्रीचे साडेअकरा

पक्षावरून माणसं एकमेकांपासून तुटतात का, म्हणजे पोलरायझेशन, हा माझ्या संशोधनाचा विषय. बारामती तालुक्यात फील्डवर्कचा चौथा दिवस. सातच फॉर्म झाले, घसा बसलाय आणि घरोघरी चहा पिऊन पिऊन ॲसिडिटी.

माझा लाडका प्रश्न म्हणजे, मुलीचं लग्न दुसऱ्या पक्षाच्या घरात झालं तर वाईट वाटेल का. अमेरिकेतून उचललेला. तिकडे १९६० साली असं वाईट वाटणारे जेमतेम चार-पाच टक्के होते, २०१० ला रिपब्लिकनांमधले जवळपास निम्मे झाले, प्रपोजलच्या पहिल्याच पानावर हे आकडे टाकलेत मी. इथे एका आजींनी प्रश्न नीट ऐकला आणि पावटा सोलत सोलत म्हणाल्या, "पक्ष कशाला बघायचा पोरी? आधी पाव्हणं कुठलं, रान किती, ते बघायचं." जात बोलल्याच नाहीत, पाव्हण्यांत ती आलीच ना.

बरं, पक्ष तरी कुठला धरायचा? २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, घड्याळ अजितदादांकडे आणि शरद पवार-सुप्रियाताईंच्या गटाला पुढे तुतारी, यंदा लोकसभेला बारामती मतदारसंघात सुप्रिया सुळेंना दीड लाखाच्या वर लीड आणि नोव्हेंबरात विधानसभेला अजितदादांना लाखाचं. लोकसभेला ताई, विधानसभेला दादा, हे लोक इतकं सहज सांगतात की माझ्या 'पक्षनिष्ठा' कॉलमचं काय करायचं तेच कळेना.

संध्याकाळी मात्र एक काका भेटले. पक्षावरून कुणाशी बोलणं बंद झालंय का? "व्हय, थोरल्याशी. तो घड्याळात, आपण तुतारीत." मी मनातून जाम खूश, सापडलं एकदाचं पोलरायझेशन, लगेच फॉर्मवर 'हो'च्या कोडला गोल. निघताना चपला घालता घालता सहज विचारलं, किती दिवस झाले? "दिवस कसलं, धा-बारा वर्सं झाली की. बांध कोरला त्यानं." म्हणजे तेव्हा तुतारी नव्हतीच! थोरला घड्याळात राहिला म्हणून हे तुतारीत गेले, बास. "भावकी हाय, एकाच बाजूला कसं बसायचं?"

गाइडना फोन केला तर म्हणे सँपल वाढव. अहो पण माझ्या मॉडेलमध्ये कारणाचा बाण पक्षाकडून भांडणाकडे जातो आणि इथे तो उलटा फिरलाय, पाचशे फॉर्म भरले तरी हा प्रश्न तेच खोटं 'हो' गोळा करणार. हे काही बोलले नाही, हो सर म्हणून ठेवला फोन.

गोल अजून खोडलेला नाही. शेजारी पेन्सिलीने 'बांध' लिहून ठेवलंय. उद्या थोरल्याकडे जायचंय, घर मधल्या भिंतीच्या पलीकडेच आहे, आणि काकांच्या ओट्यावरून त्याचं दार सरळ दिसतं.