पोळपाटाला तारा

"एवढी साधी, पोळपाटाला तारा ठोकल्यासारखी गिटार. एकच पिकअप, दोन बटणं. हिच्यात एवढं आहे तरी काय?" फेंडर या अमेरिकी कंपनीची एस्क्वायर ही इलेक्ट्रिक गिटार किंवा तिच्या चालीवर बनवलेली गिटार कुणाच्या हातात दिसली की हा प्रश्न येतोच. (पिकअप म्हणजे तारांखालचा, त्यांचं कंपन विजेच्या लहरीत बदलणारा भाग.) इंदुरात त्याला जोडून दुसराही येतो: "आणि आपल्या हवेत, आपल्या लायटीवर ती नीट चालते का?" तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं एकदमच सांगतो.

पोळपाट म्हटल्याचा राग नाही. १९५० साली ती बाजारात आली तेव्हा अमेरिकेतल्या जुन्या कारखानदारांनीही तिला होडीचं वल्हं आणि बर्फ ओढायचं फावडं म्हणून हिणवलं होतं. त्यांच्या गिटारी व्हायोलिनसारख्या कोरलेल्या, पोकळ पोटाच्या, सरसाने नेक, म्हणजे तारा दाबायची लांब दांडी, चिकटवलेल्या. दिसायला देखण्या, पण अँप्लिफायरचा आवाज वाढवला की पोकळ पेटी स्वतःच घुमायला लागायची. नेक बिघडला तर कारागिराकडे महिनाभर मुक्काम.

लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नव्हता. १९३८पासून कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि माझ्या मते या वाद्याचं सगळं गमक तिथेच आहे. रेडिओवाल्याला वस्तू कशी दिसते यापेक्षा ती उघडायची कशी हे आधी सुचतं. म्हणून बॉडी म्हणजे पावणेदोन इंच जाडीची अ‍ॅश लाकडाची भरीव फळी. नेक मेपलचा, मागून चार स्क्रूंनी आवळलेला. दोन्ही बटणं आणि स्विच एका लोखंडी पट्टीवर, पट्टीचे दोन स्क्रू काढले की सगळं वायरिंग बाहेर. महाराणी रोडवर अँप्लिफायर दुरुस्त करणारा माणूस गिटार कधी न बघताही हिचं वायरिंग पाच मिनिटांत समजून घेतो. पोकळ गिटारीत हेच काम फटीतून दोरे ओवून करावं लागतं.

पिकअपची वंशावळ तर आपल्या ओळखीची आहे. फेंडर आधी मांडीवर आडव्या ठेवून वाजवायच्या स्टील गिटारी बनवत असे, आपण जिला हवाईयन गिटार म्हणतो आणि जिच्यावर आपल्याकडे सिनेमातल्या गाण्यांच्या धुना वाजत आल्या, तीच जात. एस्क्वायरचा पिकअप त्याच गिटारीवरून आला. सहा लोहचुंबकी खुंट, भोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, खाली तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी चकती. आवाजातली ती कडक, टणक धार बरीचशी या चकतीमुळे आणि पिकअप ज्या लोखंडी पत्र्यात लटकतो त्याच्यामुळे येते.

नावांचा घोळ थोडक्यात. एका पिकअपची ती एस्क्वायर. १९५०च्या अखेरीस दोन पिकअपची आली तिचं नाव ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीचे त्याच उच्चाराचे ड्रम होते, त्यांनी हरकत घेतली. १९५१मध्ये काही महिने कारखान्याने स्टिकरवरचं नाव कापून नुसत्या 'फेंडर' शिक्क्याने गिटारी विकल्या, आणि मग टेलिकास्टर हे नाव ठरलं. एस्क्वायरची पांढरी किंवा काळी प्लेट काढलीत तर बहुतेक वेळा पुढच्या पिकअपची रिकामी खाच तयार दिसते. बॉडी दोघींची एकच, फक्त एकीची खोली भाड्याने दिलेली नाही.

पिकअप एक, मग स्विच तीन जागांचा कशाला? हा प्रश्न मात्र हुशार लोक विचारतात. स्विच मागे ओढला की टोनचं बटण, म्हणजे आवाजातली वरची पट्टी (तीक्ष्णपणा) कमी-जास्त करणारं, वाटेतून पूर्ण बाजूला होतं. पिकअप, व्हॉल्यूम आणि थेट बाहेर. मध्ये टोन नेहमीसारखा चालतो. पुढे ढकलला की ठरावीक कपॅसिटरमधून वरची पट्टी गळून आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा होतो. बासच्या खोल आवाजाची नक्कल म्हणून ती सोय होती. आज ही जागा फारसं कुणी वापरत नाही. तिथे ४७०० पिकोफॅरडसारखा लहान कपॅसिटर लावला तर नाकातला, मधल्या पट्टीतला उपयोगी आवाज मिळतो. खर्च एका चहाचा. मागच्या आणि मधल्या जागेतला फरक ऐकायचा तर टोन दहावर, म्हणजे पूर्ण उघडा, ठेवा. तो दहावर असतानाही थोडी वरची पट्टी खातो, आणि स्विच मागे नेला की ती परत येते.

आता खोड. घोडीवर सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती सरकती टेकणं, सहा नाहीत, पितळेची तीनच नळकांडी आहेत, दोन तारांमागे एक. यावरून लोक फेंडरला नावं ठेवतात, पण १९५० साली हिशेब बरोबर होता. तेव्हा तिसरी तार गुंडाळीची, म्हणजे पोलादी गाभ्यावर बारीक तार गुंडाळलेली, असायची. तार दाबली की ताण वाढून सूर चढतो, आणि आतली पोलादी तार जितकी जाड तितका जास्त चढतो. तो चढ सॅडल मागे सरकवून भरून काढायचा. आजच्या ०१०च्या सेटमध्ये (आकडे इंचाच्या हजाराव्या भागात, पहिल्या तारेच्या जाडीवरून) तिसरी तार साधी, ०१७ जाडीची, म्हणजे शेजारच्या चौथ्या तारेच्या आतल्या गाभ्यापेक्षा जाड. चौथीला सॅडल पुढे हवं, तिसरीला मागे, आणि सॅडल एकच. उपाय तीन. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, आणि दाबलेला सूर ताडून तिसरी किंचित चढी, चौथी किंचित उतरी अशी मधली जागा धरा. किंवा तिरकं भोक पाडलेली सॅडल बसवा. किंवा ०११चा गुंडाळीच्या तिसरीचा सेट लावा. ताल धरणाऱ्यांसाठी माझं मत याला, तार ओढून वाजवणाऱ्यांना तो जड जाईल.

ओढण्यावरून आठवलं, जुन्या पद्धतीच्या नेकचा पृष्ठभाग चांगलाच गोलाकार असतो, सव्वासात इंच त्रिज्येचा. तारा फार खाली आणल्या तर वर ओढलेली तार पुढच्या फ्रेटला टेकून गपकन बंद पडते. सतराव्या फ्रेटवर जाड तारेला २ मिलीमीटर, बारीक तारेला १.६ मिलीमीटर ठेवा. पिकअपही फार वर चढवू नका. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलीमीटर पुरे. त्याहून जवळ आणला तर चुंबक तारेला खेचतो आणि ट्यूनरवरचा काटा ठरतच नाही.

लायटीचं. गिटारीला वीज लागत नाही, पण हा एकेरी वेढ्याचा पिकअप अँटेनाच आहे. दोन आवाज वेगळे ओळखा. खोल, संथ 'घूंऽऽ' हा ५० हर्ट्झचा, ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूबलाइटच्या चोकमधून येणारा. बसल्या जागी थोडं वळलात की एका कोनात तो जवळजवळ गायब होतो. 'चर्रर्र' हा पंख्याच्या गोल फिरणाऱ्या रेग्युलेटरचा. तो वळून जात नाही; टप्प्याटप्प्याचा कपॅसिटर रेग्युलेटर बसवा. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर सगळं ठीक. वाढली, किंवा बोटांना झिणझिण्या आल्या, तर गिटार खाली ठेवा आणि सॉकेटचा अर्थिंग तपासा. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत तीन भोकांचा सॉकेट असतो आणि अर्थिंगच्या भोकामागे तार नसते. मल्टिमीटर एसीवर ठेवून गिटारीची तार आणि माइकची जाळी यांच्यात मोजा, शून्याच्या आसपास हवं. परदेशातून आणलेला ११०-१२० व्होल्टचा अँप असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय पिन लावूच नका.

हवेचं गणित सोपं आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बाहेर येऊन तळव्याला लागतात. ती लगेच घासू नका, आधी जुलै येऊ द्या. सगळ्यात वाईट जागा म्हणजे कूलरसमोरची भिंत: दुपारी कोरडी, रात्री ओली. नेक वाकला तर तो सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा नट जुन्या पद्धतीत नेकच्या बुडाशी असतो, म्हणजे तारा सैल करून नेक काढावा लागतो. एका वेळी अष्टमांश फेरा, जास्त नाही. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून मध्ये सातव्यावर पाव ते ०.३ मिलीमीटर फट हवी. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा, टक् करून जुन्या आट्यात बसला की मग आवळा. आटा गेलाच असेल तर भोकात फेव्हिकॉल लावलेल्या दोन टूथपिक, आणि एक रात्र वाट. आणखी एक, जुन्या नायट्रो लॅकरच्या रंगाची गिटार रबर लावलेल्या स्टँडवर उभी करू नका. उन्हाळ्यात रंग रबराला चिकटून येतो.

आवाज मोठा केल्यावर पिकअप शिट्टी मारत असेल तर वेढे किंवा खालची चकती थरथरते आहे. पॅराफिन चार भाग आणि मधमाश्यांचं मेण एक भाग, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून ६० ते ६५ अंशांवर वितळवा आणि पिकअप त्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं. थेट गॅसवर कधीच नाही. आधी आणि नंतर मीटरने रोध बघा: ६ ते ९ किलोओहम असेल तर ठीक, मीटर काहीच दाखवत नसेल तर वेढा तुटला आहे.

आणि जुनी म्हणून कुणी विकत असेल तर पट्टी उघडून पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे बटणाखालच्या फिरत्या भागाच्या, पाठीवरचा आकडा वाचा. ३०४ हा स्टॅकपोल कंपनीचा, १३७ सीटीएसचा. त्यापुढे वर्ष आणि आठवडा. ३०४६६१२ म्हणजे १९६६चा बारावा आठवडा. त्याआधीची गिटार आहे असं विकणारा म्हणाला तर निदान तो पोटेन्शिओमीटर तरी बदललेला आहे. पाहायला घेतलीत तशी जॅकच्या, म्हणजे वायर खोचायच्या भोकाच्या, वाटीचा नटही चाचपा. तो ढिला असतोच, आणि बाहेरून नुसता आवळलात तर आतला जॅक सोबत फिरून वायर तुटते. पान्याने आवळताना आतला भाग धरून ठेवा.