घाटीपासून दहा मिनिटांवर

परभणीच्या माणसाला छत्रपती संभाजीनगरला जायची कारणं तीनच. दुखणं हाताबाहेर गेलं तर घाटीचा सरकारी दवाखाना, शेताच्या धुऱ्याचा वाद चिघळला तर हायकोर्ट, आणि लग्न ठरलं तर गुलमंडीचा बाजार. मी आजवर या शहरात पन्नासेक वेळा तरी आले असेन, पण दर वेळी परतीच्या गाडीवर डोळा ठेवून. बीबी का मकबरा पाहिला तो सहावीच्या सहलीत. त्यातलं आठवतं एवढंच, की एका मैत्रिणीची चप्पल हरवली होती आणि गुरुजींनी सगळ्या वर्गाला तिथंच उन्हात उभं केलं होतं.

या खेपेला भाचीच्या लग्नाचा बस्ता होता. सोबत आई. वय चौऱ्याहत्तर, गळ्यात माळ, गुडघे कुरकुरतात, पण चालायचं म्हटलं की सगळ्यांच्या पुढं. धाकटी बहीण सिडकोत राहते. बस्ता दुपारी होता, म्हणून तिच्या नवऱ्यानं सुचवलं, "ताई, अर्ध्या दिवसाची सहल असते. गाडी, गाईड सगळं त्यांचं. सात ते साडेबारा." आई म्हणाली, "इथं बघायला काय ठिवलंय? गर्दीच की नुस्ती." पण सकाळी सहाला वेणीफणी करून दारात उभी तीच होती.

गाडी म्हणजे क्रूझर. आमच्याकडं क्रूझर वऱ्हाडाची, त्यामुळं आईनं सवयीनं मागची सीट धरली. सोबत उदगीरचे एक निवृत्त तलाठी आणि त्यांची बायको, नाशिकचं नवं जोडपं, आणि एमपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा. हा दर सनावळी वहीत टिपायचा. गाईड साठीचे, पांढऱ्या मिशांचे. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. मराठीत सुरू झालेलं त्यांचं वाक्य दख्खनीत संपायचं. आईला ते पहिल्यापासून मावशी म्हणाले. वयानं फार तर दहा-बारा वर्षांनी लहान असतील.

पहिला मुक्काम भडकल दरवाजा. इथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरून मी रिक्षानं कितीदा गेले असेन, दरवाजाकडं मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. चाचांनी आम्हाला बरोबर कमानीखाली उभं केलं. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, मूळचा इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. त्यानं १६१० मध्ये खडकी नावाच्या खेड्याच्या जागी हे शहर वसवलं, आणि मोगलांना हरवल्याची खूण म्हणून १६१२ मध्ये हा दरवाजा उभारला. पुढं त्याच्या मुलानं, फतेहखानानं, फतेहनगर केलं. औरंगजेब दख्खनचा सुभेदार झाल्यावर १६५३ मध्ये औरंगाबाद झालं. आणि आता छत्रपती संभाजीनगर. "नाव बदलते रहे मावशी, रस्ता वहीच है," असं म्हणून चाचांनी मागून हॉर्न मारणाऱ्या रिक्षावाल्याला हातानंच थांबवलं. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, पण आज मोजायला बसलं तर बावन्न काही भरत नाहीत. एमपीएससीवाल्यानं विचारलं, "मग परीक्षेत काय लिहू?" चाचा म्हणाले, "बावन्नच लिही. मार्क मिळतील."

मकबऱ्यात पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि माणसं तुरळक. 'गरिबाचा ताज' हा शब्द नाशिकच्या नव्या नवरीनं उच्चारला आणि चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी आम्हाला थेट भिंतीशी नेलं. "हात लावा." कमरेच्या जरा वर, एका रेषेपर्यंत संगमरवर. बोटाला गार, गुळगुळीत. त्याच्या वर काळा बेसाल्ट, आपला मराठवाड्याचाच दगड, आणि त्यावर पांढरा गिलावा. घुमट पुन्हा संगमरवराचा. खर्च झाला तो सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे असा सांगतात. "सात आणे!" तलाठीभाऊ खूष झाले. सरकारी हिशोब असाच पाहिजे म्हणाले. ताव्हेर्निये नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्यानं सुरतेहून गोवळकोंड्याकडं जाताना संगमरवर लादलेले तीनशे गाडे वाटेत पाहिले होते. एकेका गाड्याला किमान बारा बैल. आई मनातल्या मनात गुणाकार करत असावी, कारण जरा वेळानं ती म्हणाली, "इतक्या बैलांला चारा कुठला घातला आसंल?" तीनशे गाडे ऐकून मला डोळ्यांपुढं संगमरवर आला होता. तिला कडबा.

दारावर बांधणाऱ्यांची नावं आहेत, अताउल्ला आणि हंसपत राय. अताउल्ला हा ताजमहाल ज्याच्या हातचा, त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. बापाच्या कामाशी आयुष्यभर तुलना होणार हे त्याला पाया खणतानाच ठाऊक असेल बिचाऱ्याला.

आत गेल्यावर कबर समोर दिसत नाही. जाळीच्या अष्टकोनी कठड्यावरून वाकून खाली पाहायचं. साधी कबर, वर चादर, भोवती लोकांनी टाकलेली नाणी आणि नोटा. चाचा सांगत होते, दिलरसबानू, औरंगजेबाची पहिली बायको, १६५७ मध्ये गेली. पाचवं मूल झालं आणि महिन्याभरात गेली.

"बाळंतीण व्हती का?" आईनं विचारलं.

"हौ मावशी."

मग आई बराच वेळ कठड्याला धरून उभी राहिली. पदराच्या गाठीतून एक नाणं काढलं, टाकलं नाही, परत बांधलं. माझी आत्या अशीच गेली होती, परभणीच्या घरात, पावसाळ्यात, गाडी मिळाली नाही म्हणून. तिचं नाव घरात कुणी काढत नाही, तेव्हाही काढलं नाही.

तिथून औरंगाबाद लेण्यांकडं जाताना डाव्या-उजव्या हाताला विद्यापीठ लागतं. चाचांनी ओझरतं दाखवलं आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार सांगून गाडी पुढं घ्यायला लावली. मला मात्र थांबावंसं वाटत होतं. मी १९९३ साली बीएस्सी झाले, परभणीतल्या कॉलेजात, पण पदवी या विद्यापीठाची. तेव्हा नांदेडचं विद्यापीठ व्हायचं होतं. माझ्या मार्कमेमोवर नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' आहे, बाबासाहेबांचं नाव वर्षभरानं लागलं. म्हणजे ज्या विद्यापीठाची मी पदवीधर, त्याची इमारत मी त्रेपन्नाव्या वर्षी, क्रूझरच्या खिडकीतून, अर्ध्या मिनिटासाठी पाहिली. पदवीदान समारंभाला तेव्हा येणं परवडलं नव्हतं. पदवी टपालानं आली होती.

लेणी बौद्ध, बरीचशी सहाव्या-सातव्या शतकातली. पायऱ्या आहेत, दम लागतो. आईनं काठी नको म्हटलं, माझं मनगट मात्र सोडलं नाही. दोन गट आहेत, आम्हाला वेळ एकाच गटापुरता मिळाला आणि तोही जेमतेम पंचवीस मिनिटं. हा या सहलीतला सगळ्यात मोठा अन्याय. सातव्या लेण्यात दाराच्या कडेला अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं: आग, साप, हत्ती, सिंह, बुडणारी नाव. प्रत्येक जण त्याला हाक मारतोय. आईनं सरळ हात जोडले. "हा बी सगळ्यांच्याच हाकेला पळतो वाटतं," एवढंच बोलली. आत गाभाऱ्यात एक नाचणारी आहे आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका. अंधारात चाचांनी मोबाइलचा उजेड तिरका धरला, तेव्हा बासरी धरलेली बोटं एकेक करून सुटी झाली. समोरून उजेड मारला की सगळं सपाट दिसतं, हे त्यांनी दोनदा करून दाखवलं. मुलांना सावलीचा धडा शिकवताना मी आता हेच करणार आहे. बाहेर आलं की खाली मकबऱ्याचा घुमट लहान वाटीएवढा, आणि त्याच्यामागं शहर पसरलेलं.

त्यानंतर 'हिमरू बघा' म्हणून एका दुकानात चाळीस मिनिटं. लेण्यांना पंचवीस, दुकानाला चाळीस! हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं कापड, मूळची कला फार देखणी. पण समोर जो ढीग टाकत होते त्यातलं हातमागाचं किती आणि मशीनचं किती, हे विचारल्यावर माल दाखवणाऱ्याचा उत्साह मावळला. नाशिकच्या जोडप्यानं शाल घेतली. आईनं एका शालीचा भाव निम्म्यावर आणला आणि घेतली नाही. तिला फक्त येतंय का ते बघायचं होतं.

शेवटी पाणचक्की. खाम नदीच्या काठाला, महमूद दरवाजाला लागून. नदी म्हणायची खरं, पण पुलावर सगळ्यांचेच रुमाल नाकाला गेले. आत शिरलं की मात्र मोठा हौद, त्याच्या कडेला जुनं वडाचं झाड, आणि एका उंच भिंतीवरून हौदात पडणारं पाणी. बाबा शाह मुसाफिर या बुखाऱ्याकडून आलेल्या सूफींचा हा दर्गा. इथं येणाऱ्या फकिरांना, वाटसरूंना भाकरी मिळावी म्हणून अठराव्या शतकात ही पाण्यावरची चक्की बांधली. पाणी काही मैलांवरच्या डोंगरातल्या झऱ्याचं. मातीच्या नळांतून, जमिनीखालून येतं, त्या उंच खांबात चढतं आणि वरून पडून खालची पाती फिरवतं. पाती फिरली की वरचं जातं फिरतं.

"मोटर कुठाय?" तलाठीभाऊंनी विचारलं.

"मोटर नक्को साहब. उतार होना, बस."

झरा खांबाच्या माथ्याहून उंचावर आहे, म्हणून पाणी बंद नळातून वर चढतं. पाणी आपली पातळी शोधतं हे वाक्य मी पंचवीस वर्षं सातवीच्या वर्गाला शिकवतेय, प्लास्टिकची नळी आणि दोन बाटल्या घेऊन. चाळीस मुलांतली दहा बघतात, बाकीची नळीतून एकमेकांच्या अंगावर पाणी उडवतात. इथं तीच नळी काही मैलांची होती. चाचांनी सांगितलं, हे तंत्र या शहरात त्याच्याही शंभरेक वर्षं आधी आलं होतं. मलिक अंबरानं शहर वसवलं तेव्हाच उत्तरेच्या डोंगरपायथ्याचं पाणी भुयारी नहरीनं गावात आणलं. नहर-ए-अंबरी. आधी पाणी, मग वस्ती.

आई तोवर जात्याशी पोचली होती. त्या दिवशी ते फिरत होतं, दाणे नव्हते, नुसताच घरघर आवाज. तिनं आयुष्याची पहिली तीस वर्षं पहाटे जातं ओढलंय. कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "रिकामं फिरायलंय. टाके घालायला पायजेत ह्याला." मग वाकून बघितलं. "खुंटा न्हाई." पुन्हा एकदा बघितलं. "खुंटाच न्हाई गं ह्याला!" आणि हसायला लागली. बाईच्या हाताविना फिरणारं जातं बघून तिला जो आनंद झाला, तो बघायला मी साडेबारापर्यंतच काय, संध्याकाळपर्यंत थांबले असते.

नेमका तेव्हा बहिणीचा फोन. "ताई, नळ आलाय. मी पिंपं भरायलेय, तुम्ही सावकाश या." त्यांच्या गल्लीत पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही कधी पहाटे, कधी भरदुपारी. पाण्याच्या दिवशी बहीण रजा टाकते. आईनं चाचांना विचारलं, "आता ह्या गावाला पाणी कुठून येतं?"

"पैठणसे. जायकवाडी. मोटर से खींचते ऊपर."

"नाथाच्या घरी देवानं कावडीनं पाणी भरलं," आई म्हणाली, "आन् नाथाच्या गावचं पाणी हिकडं यायला आठ दिस लागायलेत." श्रीखंड्याची गोष्ट चाचांनाही ठाऊक होती, ते खळखळून हसले.

हौदाच्या खाली एक मोठी खोली आहे. हौदाचा तळ हेच तिचं छत. पायऱ्या उतरलं की अंगावरचा घाम गार पडतो. आई तिथं खांबाला टेकून बसली, पाय लांब केले. मी पाण्याची बाटली दिली.

"घाटी कुठं आली गं इथून?"

मी चाचांकडं पाहिलं. ते म्हणाले, "पायी दहा मिनट."

बाबा अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात घाटीत होते. एकोणीस दिवस. मी शाळेच्या नोकरीत नवीन, येऊन-जाऊन करायचे. आई सलग तिथंच. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात सतरंजी, आणि दुपारी पत्र्याच्या सावलीत बाकीच्या बायकांसोबत. विसाव्या दिवशी आम्ही बाबांना घेऊन परत गेलो, ते ॲम्ब्युलन्सनं.

"डबा घ्यायला ह्याच रस्त्यानं जायचे मी," आई म्हणाली. "दारावरून. कुणाचा तरी वाडा आसंल म्हणलं."

वर क्रूझरचा हॉर्न वाजला. तलाठीभाऊ आणि जोडपं चढायला लागले. एमपीएससीवाला वही बंद करून आमच्यासाठी पायरीवर थांबला.

"चाचा, उन्हाळ्यात बी आसतं का हे पाणी?"

"किसी साल रहता मावशी, किसी साल आटतं."

"अठ्ठ्याण्णवला व्हतं का? मे महिन्यात?"

चाचांनी खरंच आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घालून, मिशीवर बोट ठेवून. मग म्हणाले, "था. अठ्ठ्याण्णवला था, मावशी."

आईनं मान हलवली, बाटलीतलं उरलेलं पाणी प्याली, आणि माझं मनगट धरून उठली.