पोराला आयटीआयला घालू की थेट तुमच्याकडे ठेवू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. दहावीचा निकाल लागला की नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या माझ्या छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीच्या दुकानात दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी मुलाला घेऊन येतं, मुलगा मागे उभा राहून खोललेल्या इंजिनाकडे टक लावून बघत असतो आणि वडील विचारतात, "भाऊ, याला इंजिनाच्या कामाची लई आवड आहे, आयटीआयला घालू की थेट तुमच्याकडेच ठेवू?" गिऱ्हाईक समोर असताना मी जे सांगतो ते अर्धवटच राहतं, म्हणून आज जरा नीट.

कोर्स करू द्या. मला हाताखाली माणूस कायम हवा असतो, तरी हेच सांगतोय.

मी दोन्ही केलंय. बारावीनंतर दोन वर्षं एका गॅरेजवर होतो आणि मग आयटीआय. गॅरेजवर माझा हात बसला. नट किती आवळला की बास, कुठल्या आवाजाला घाबरायचं, हे कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही. पण तिथे विचार करायची पद्धत एकच होती, प्लग बदल, नाही झालं तर कार्बोरेटर साफ कर, तरी नाही झालं तर ठिणगीची कॉइल बदल, आणि शेवटी गाडी चालू झाली की नक्की कशाने झाली ते आम्हालाच माहीत नसायचं, बिल मात्र तिन्हीचं व्हायचं.

आयटीआयमधे पहिल्या महिन्यात सरांनी आम्हाला एक जुना सिलिंडर दिला आणि बोअर, म्हणजे त्याचा आतला व्यास, मोजायला लावलं. वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, म्हणजे एकूण सहा रीडिंग, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत, वहीत कॉलम आखून. आठवडाभर तेच. आम्ही सगळे वैतागलो होतो, की इंजिन खोलायला आलो आणि इथे मोजपट्टीच चाललीये. मग सर एक दिवस म्हणाले, आता सहाही आकडे शेजारी ठेवून बघा. वरचा आकडा खालच्यापेक्षा मोठा होता, कारण पिस्टनची वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथे उष्णता जास्त आणि ऑइल कमी, तिथेच सिलिंडर जास्त झिजतो. आणि एकाच उंचीवरचे दोन आकडे सारखे नव्हते, म्हणजे गोल राहिलेला नव्हता. बोट फिरवून बघितलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं की सिलिंडर चांगला आहे. नुसती रिंग बदलून बसवला असता तर महिनाभरात परत धूर.

आणि दुसरी गोष्ट ती लॉनमोवरची, ती मी सगळ्यांना सांगतो. नाशिकला लग्नाची लॉन्स किती आहेत तुम्हाला माहीतच आहे, त्यातल्याच एकांचा, सरांच्या ओळखीचा, गवत कापायचा मोवर वर्कशॉपला आला. दोरी ओढली की दोरी हातातून उलटी खेचली जायची, मधेच कार्बोरेटरमधून फट् करून आवाज, पण चालू काही होईना. मी दोन वर्षं गॅरेजवर काढलेली, त्यामुळे पुढे झालो. प्लग काढून बॉडीला टेकवला, स्पार्क निळा, खणखणीत. पेट्रोल येतंय. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चांगलं. कार्बोरेटर दोनदा साफ केला. नवा प्लग लावला. काही नाही.

सर बाजूला उभे होते, त्यांनी एवढंच विचारलं, "स्पार्क येतोय हे बघितलंस. वेळेवर येतोय का?"

मग त्यांनी वरच्या फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाची, नट काढायला लावली. फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतो तो दांडा, यांच्या खाचेत एक छोटी चावी असते, नखाएवढी. ती अर्धी कापली गेली होती, खाचेच्या दोन कडा एकमेकींसमोर नव्हत्याच, थोडीशी पायरी पडलेली. या मोवरमधे ब्लेड थेट क्रँकशाफ्टलाच बसवलेलं असतं, ते लॉनमधल्या दगडाला किंवा स्प्रिंकलरला आदळलं की शाफ्ट जागच्या जागी थांबतो पण जड फ्लायव्हील फिरायचं थांबत नाही, आणि मधल्या मध्ये चावी कापली जाते. ती मुद्दाम मऊ धातूची करतात, महागडा शाफ्ट वाचावा म्हणून. फ्लायव्हील थोडं जरी सरकलं तरी त्याच्यातलं मॅग्नेट कॉइलसमोरून चुकीच्या वेळी जातं, स्पार्क पडतो पण पिस्टन भलत्याच जागी असताना. थोड्याशा पैशांची चावी होती. मी मात्र सगळं बदलत बसलो असतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात प्रश्नांचा क्रम बसला, हवा, पेट्रोल, दाब, ठिणगी, आणि ठिणगीची वेळ. कोर्स करा म्हणतो ते यासाठी. सर्टिफिकेट नोकरीला लागतंच, पण माझा मुद्दा तो नाही.

आपल्याकडे याची किंमत द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर कळते. निफाड, पिंपळगाव, दिंडोरी, सगळीकडून एचटीपी, म्हणजे फवारणीच्या पंपाची इंजिनं एकदमच येतात. रात्री पाऊस झाला, पानं ओली राहिली, की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने शेतकऱ्याला फवारणी त्याच सकाळी हवी असते, वर्षभराचं कर्ज त्या घडांवर असतं. अशा वेळी "बदलून बघू" म्हणणारा मेकॅनिक त्याचा अख्खा दिवस घालवतो. हा माझा सगळ्यात कळकळीचा मुद्दा आहे.

थिअरी कशाला लागते असंही पोरं विचारतात. जनरेटरचं बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, छोट्या पेट्रोल जनरेटरमधे दोन पोल, म्हणजे सेकंदाला ५० फेरे, मिनिटाला ३०००. हे ज्याला कळलंय तो गव्हर्नरच्या, म्हणजे स्पीड कायम ठेवणाऱ्या भागाच्या, स्प्रिंगला हात लावायच्या आधी मीटर लावेल. ज्याला नाही कळलं तो "लोड घेत नाही" म्हटलं की स्पीड वाढवून देतो आणि मंडपातले बल्ब जातात. तसंच टू-स्ट्रोक ग्रास कटरचं, त्याला वेगळं ऑइल चेंबर नसतं, पेट्रोलमधे मिसळलेलं ऑइल हेच त्याचं वंगण. १:५० म्हणजे लिटरला २० मिली. कुणी नुसतं पेट्रोल घातलं की पिस्टनवर उभे ओरखडे पडतात, ते बघूनच मी गिऱ्हाइकाला विचारतो, कॅन कुणी भरला होता. हल्लीच्या पेट्रोलमधे इथेनॉल, ते पाणी ओढून घेतं, म्हणून सीझन संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून ठेवा, हे तर मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

आयटीआयमधला ट्रेड, म्हणजे कोर्स, कुठला घ्यायचा? "स्मॉल इंजिन" असं नाव यादीत शोधत बसू नका. मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा, मोटार मेकॅनिक दोन वर्षांचा, शिवाय टू अँड थ्री व्हीलर आणि शेती यंत्रांचा ट्रेड आहे. घर शेतीचं असेल तर शेती यंत्रं, नाहीतर टू-व्हीलर. प्रवेश दहावीवर, अर्ज ऑनलाइन. ॲडमिशनआधी वर्कशॉपमधे जाऊन एवढंच बघा की एका इंजिनावर किती मुलं असतात आणि ते इंजिन चालू होतं का. चालू न होणाऱ्या इंजिनावर खोलणं-बसवणं शिकता येतं, बिघाड शोधणं नाही.

मागच्या महिन्यात एकांनी विचारलं की पुतण्या कॅनडाला पॉवरस्पोर्ट्सचा कोर्स बघतोय, ते काय असतं. तिकडे कॉलेजात बर्फावरची स्नोमोबाइल, खडबडीत रस्त्यावरची एटीव्ही, पाण्यावरची जेट स्की आणि लॉनमोवर, जनरेटर असं सगळं एकत्र शिकवतात, बर्फाळ देशात ती रोजच्या वापराची यंत्रं आहेत. पण घाबरायचं कारण नाही. स्नोमोबाइलमधे गिअर बदलायला जो बेल्ट आणि दोन पुली असतात, तेच तत्त्व १९८४ ला आलेल्या कायनेटिक होंडात होतं आणि आज दारातल्या ॲक्टिव्हातही आहे. आधी ॲक्टिव्हाचं कव्हर उघडून रोलर का झिजतात ते समजून घे म्हणावं, मग विमानाचं तिकीट बघ.

कोर्समधे काय मिळत नाही तेही सांगतो. वेग मिळत नाही, गिऱ्हाइकाशी बोलणं मिळत नाही, आणि अंदाजे खर्च आधी सांगायची हिंमत तर अजिबात नाही. ते दुकानातच. म्हणून कोर्स चालू असताना सुट्टीच्या दिवशी कुठल्यातरी दुकानात बसवा. आणि इलेक्ट्रिकलचा तास बुडवू देऊ नका, एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस ६ या धुराच्या नियमाच्या झाल्या, बहुतेकांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, पाठीवरचे फवारणी पंपही बॅटरीचे झालेत, मल्टिमीटर धरता आला नाही तर पुढे अडेल.

माझ्याकडे पाठवायचं असेल तर रविवारी सकाळी पाठवा, सोबत वही आणि पेन द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे नऊच्या आत या, नंतर पंपांची रांग लागते आणि मला दोन शब्द बोलायलाही सवड नसते.