पावनं, ह्यो फोटो कुठल्या पेपरात येणार?

गळ्यात कॅमेरा अडकवून कोल्हापुरात कुठंही जावा, पाच मिनिटांत कोणतरी विचारतंच, "कुठल्या पेपरात येणार हे?" रंकाळा तळ्यावर विचारलंय, पंचगंगा घाटावर विचारलंय, गंगावेशीत म्हशीची धार काढणाऱ्यानं विचारलंय आणि तिथंच दुधाचा ग्लास घेऊन उभ्या असलेल्या एका आजोबांनी तर "माझा बी घे, पण नाव नीट छाप" म्हणून नाव, पेठ, तालीम सगळं लिहून घ्यायला लावलं होतं. सुरुवातीला मी खरं सांगायचो की हौस म्हणून काढतोय, घरीच ठेवणार. त्यावर ठरलेला प्रश्न यायचा, "मग काढतोयस कशाला?" ह्याचं उत्तर मला सात वर्षं झाली तरी देता येत नाही, त्यामुळं आता मी "बघू, येईल कुठंतरी" म्हणतो आणि पुढं सरकतो.

कॅमेरा माझा सेकंडहँड. १८-५५ ची किट लेन्स आणि ५५-२५० ची झूम, दोन्ही त्याच्याबरोबरच मिळाल्या. पहिलं वर्षभर ऑटो मोडवर काढले, लाज कसली त्यात. दुसऱ्या वर्षी एकानं सांगितलं म्हणून मॅन्युअलवर गेलो, म्हणजे सगळं आपणच हातानं ठरवायचं, आणि तीन महिने सगळे फोटो एकतर काळे नाहीतर पांढरेफटक. बायको म्हणाली, "अहो, ह्याच्यापेक्षा माझ्या मोबाईलवर बरं येतंय की." बरोबर होतं तिचं, आजही पुष्कळदा बरोबरच असतं.

रविवारी पाचचा गजर. घरातले सगळे शिव्या घालतात पण उठायला लागतंय, कारण रंकाळ्यावर सकाळचं ऊन शालिनी पॅलेसवर पडतं ते मऊ पिवळं ऊन अर्धा-पाऊण तासच असतं, नंतर नुसता चकचकाट. आणि एवढं लवकर उठून, गाडी काढून, थंडीत कुडकुडत जाऊन कॅमेरा ऑन केला की स्क्रीनवर येतं, कार्ड नाही. कार्ड घरी लॅपटॉपमध्ये. हे माझं चार वेळा झालंय. बॅटरी चार्जरलाच राहिली असं दोनदा. आता पिशवीत एक जादा कार्ड कायम पडलेलं असतं, तरीपण गेल्या महिन्यात ट्रायपॉड नेला आणि त्याची ती वरची प्लेट घरी. तीन किलोची काठी घेऊन मॉर्निंग वॉक झाला.

रंकाळ्यावर माझं सगळ्यात जास्त वाटोळं केलं असेल तर कवड्या खंड्यानं. काळापांढरा खंड्या हो, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग दगडासारखा खाली पडतो. तो हवेत थांबलेला असताना वाटतं की मिळाला, मिळाला, आणि बटण दाबेस्तोवर गडी पाण्यात. शटर सेकंदाच्या १/१००० पेक्षा वेगात ठेवा, बर्स्टवर टाका म्हणजे एका दाबात धडाधड फोटो, सगळं वाचून केलं. एका सकाळी २१४ फोटो, त्यातले शार्प ३, आणि त्या तिन्हीत पक्ष्याची पाठ. वंचक बगळा बरा, बिचारा काठावर अर्धा तास हलत नाही. आपल्यासारख्या नवशिक्यांचा देव आहे तो.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळ्यातला दगडी संध्यामठ उघडा पडतो, मग संध्याकाळी तिथं गर्दी, प्रीवेडिंगवाल्यांची पण. त्यांच्या फ्रेममध्ये आपण आणि आपल्या फ्रेममध्ये त्यांचा तो धुराचा फटाका. एका नवरदेवानं मला तासभर रिफ्लेक्टर धरायला लावला होता, त्याला वाटलं मी पण त्यांच्याच टीमचा. धरला मी, काय करणार, आणि खोटं कशाला बोलू, लाईट कसा मारतात ते तिथंच कळलं.

जोतिबाची चैत्र यात्रा हा वेगळाच विषय. सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच काठ्या, नाचवत येतात, चांगभलंचा गजर आणि आख्खा डोंगर गुलाबी. मी काय शहाणपणा केला, तर त्या गर्दीत लेन्स बदलली. गुलाल हवेतच तरंगत असतो आणि तो आत सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, बसतो हे डोक्यातच आलं नाही. घरी येऊन बघतोय तर प्रत्येक फोटोत आभाळात सात-आठ डाग, आणि गंमत म्हणजे गुलाल असूनपण डाग काळपटच. लेन्सचं छिद्र मोठं उघडं ठेवलं की डाग कमी दिसतात, पण छिद्र बारीक करत एफ १६ ला गेलं की प्रत्येक कण मोजून घ्या. सेन्सर साफ करायला जे पैसे गेले त्यात एक बऱ्यापैकी फिल्टर आला असता. आता यात्रेला जाताना घरूनच एक लेन्स लावून, वरनं प्लास्टिकची पिशवी रबरानं बांधून जातो, दिसतं भिकारड्यासारखं पण चालतंय.

पावसाळ्यात तर वेगळीच कथा. जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा म्हणजे ओला टॉवेल. माझ्या झूम लेन्सला आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली ती अशाच एका जुलैत, कपाटात बॅगेतच ठेवली होती ना. तेव्हापासून आईचा फराळाचा घट्ट झाकणाचा डबा कॅमेऱ्याला आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. दिवाळीला डबा परत मागते, मग चार दिवस कॅमेरा टेबलावर आणि चकल्या डब्यात. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर सप्टेंबरात फुलं बघायला गेलो की कॅमेरा निम्मा वेळ शर्टाच्या आत असतो, धुकं आलं की दहा फुटावरचा मित्रपण दिसत नाही.

२०१९ च्या पुराचे माझ्याकडं फोटो अगदी थोडे आहेत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका हे आपल्याकडं शेंबड्या पोराला पाठ असतं, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पहिल्या दिवशी काढले काही, देवळांची शिखरं तेवढी पाण्याबाहेर, असले. दुसऱ्या दिवशी आमच्याच ओळखीचे एक काका डोक्यावर सिलेंडर घेऊन छातीभर पाण्यातनं येताना दिसले आणि माझ्या हातात कॅमेरा होता. तो बॅगेत टाकला आणि सिलेंडर घेतला. एवढंच. त्यावर जास्त काय लिहायचं नाही.

तर मूळ सांगायचं होतं ते गूळ करतात त्या गुऱ्हाळाचं.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात जोतिबाकडं निघालो होतो, वडणग्याच्या पुढं रस्त्याकडेला एका गुऱ्हाळाच्या पत्र्यातनं वाफ निघताना दिसली आणि गाडी तिथंच लावली. आत बघतोय तर काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, रस उकळतोय, खालच्या चुलवाणात एक पोरगं उसाची चिपाडं ढकलतंय आणि पत्र्याच्या एका भोकातनं उन्हाचा पट्टा सरळ त्या वाफेवर. मला काय सुचेना. थंडीतनं एकदम आत गेल्यामुळं लेन्स धुरकटली, ती निवळायला दहा मिनिटं. मग ऑटोफोकस वाफेतच घुटमळायला लागला, मागं पुढं, मागं पुढं, शेवटी हातानं फोकस केला. आणि वाफ पांढरी असली की कॅमेऱ्याला वाटतं लईच उजेड आहे, तो आपला फोटो काळा करतो, म्हणून एक्स्पोजर एक घर वर घेतलं. हे सगळं करेपर्यंत ऊन हलायला लागलं होतं. पण एक फोटो मिळाला. गूळ करणारे गुळव्या मामा काहिलीवर वाकलेत, हातात लांब दांड्याची झारी, रसावरची मळी काढतायत, मागनं ऊन, माणूस आख्खा काळा आणि भोवती सोन्यासारखी वाफ. निघताना मामांनी वाटीभर गरम काकवी दिली आणि विचारलंच, "पावनं, ह्यो कुठल्या पेपरात येणार?" मी म्हटलं पेपरात नाही, पण तुम्हाला फोटो आणून देतो. लेन्सवरच्या फिल्टरवर साखरेचा चिकट थर बसलेला, तो ओल्या फडक्यानं पुसायलाच संध्याकाळ गेली.

तो फोटो मी टाकला आणि माझ्या इतिहासात सगळ्यात जास्त लाइक त्याला. एका फोटोवाल्या मित्रानं फोन करून नाद खुळा म्हटलं, आणि हा मित्र सहसा माझ्या फोटोत फक्त क्षितिज वाकडं आहे एवढंच बघतो. मामांचा फोटो मात्र द्यायचा राहिला. आज जाऊ उद्या जाऊ करत मार्च उलटला आणि गेलो तर गुऱ्हाळ बंद, काहील पालथी घालून ठेवलेली. पुढच्या हंगामात ऑफिसचं काम निघालं. शेवटी गेल्या फेब्रुवारीत बारा बाय अठराची प्रिंट काढली, फ्रेम केली आणि गेलो. मनात होतं की तोच उन्हाचा पट्टा परत मिळेल, तर पट्टा कुठला, ऊन काहिलीच्या पार पलीकडं भिंतीवर पडलेलं. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात त्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीत ठरलेले असतात, सूर्य रोज थोडा थोडा सरकतो म्हणूनच ना, हे लहानपणापासनं माहिती असून पत्र्याच्या भोकाला पण तोच नियम लागणार हे डोक्यात आलं नव्हतं.

मामा तिथंच होते. फ्रेम दोन्ही हातात धरून लांब केली, जवळ केली, उजेडात नेली. मग म्हणाले, "ह्यात मी कुठं हाय?"

मी दाखवलं. हे काय, हे तुम्ही.

"हे व्हय? नुसतं काळं काळं दिसतंय की. कोण बी असंल." चिपाडवालं पोरगं फिदीफिदी हसायला लागलं. मी सिल्हूट, बॅकलाइट असलं काहीतरी बोलायला गेलो पण मराठीत सांगता येईना. मामांनी परत बघितलं आणि झारीवर बोट ठेवलं. "आन् मळी अशी काढत्यात व्हय? हात हिकडं पाह्यजे. तुमी मी उठताना काढलाय." म्हणजे ज्या फोटोला दोन वर्षं मी कामाचा क्षण, कामाचा क्षण म्हणत होतो त्यात मामा काम संपवून उठत होते.

मग ते आत गेले. मला वाटलं रागावले. पाच मिनिटांनी आले ते धुतलेला पांढरा शर्ट, टोपी घालून, कपाळाला बुक्का लावून, आणि कापडात बांधलेल्या गुळाच्या ढेपांच्या शेजारी हात सरळ खाली सोडून ताठ उभे राहिले. पोराला पण बोलवून घेतलं, केस ओले करून. "आता काढा. तोंड आलं पाह्यजे." मागं ट्यूबलाइट, तिची वायर लोंबतीय, बाजूला मोटरसायकलचं हँडल अर्धं फ्रेममध्ये. मी हँडल सरकवू का विचारलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, नवीन हाय गाडी."

मी पूर्ण गाडी फ्रेममध्ये घेतली, एफ ८ वर, फ्लॅश मारून. दोघांचेही डोळे उघडे. ह्या वेळी चौथ्या दिवशीच सहा बाय आठच्या दोन कॉप्या नेऊन दिल्या. एक त्यांनी तिथंच पत्र्याला खिळा मारून लावली. मोठी फ्रेम कुठाय विचारलं तर पोरानं दाखवली, चुलवाणाच्या बाजूनं वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली, काच अजून शाबूत होती.