आमची वाटचाल: गटिंग मशीनपासून खेळाडूच्या हिशेबापर्यंत

आमच्या फर्मची सुरुवात एका गटिंग मशीनवर झाली. टेनिसची रॅकेट घ्यायची, जुनी तार कापायची, नवी ओढायची, एवढेच काम होते; यालाच गटिंग म्हणतात. गिऱ्हाइके बहुतेक हौशी होती. हळूहळू जागतिक क्रमवारीत 300 ते 900 च्या दरम्यान असलेले व्यावसायिक खेळाडू येऊ लागले आणि धंदा त्यांच्या गरजांप्रमाणे वळत गेला. आज गटिंग, रॅकेटजुळणी, दौऱ्याची आखणी आणि हिशेब ही कामे आम्ही एकत्र करतो. या खेळाडूंचा पैसा आणि फॉर्म वेगळा काढताच येत नाही, हे आम्हाला पहिल्यांदा तारांनी दाखवले.

हौशी खेळाडू तार तुटेपर्यंत खेळतो. पॉलिएस्टरची तार मात्र तुटण्याच्या कितीतरी आधी निकामी होते. ताण उतरतो, फटक्याबरोबर सरकलेली तार झटकन जागेवर परतत नाही आणि चेंडूला फिरकी कमी मिळते. चेंडू बेसलाइनच्या बाहेर जाऊ लागतो. मग खेळाडू नकळत हात आवरतो, फटका अर्ध्यावर थांबवतो. दोन आठवड्यांत तीच सवय होते आणि सगळे म्हणतात, फॉर्म गेला. मुळात त्याने दोन गटिंगचे पैसे वाचवलेले असतात. म्हणून फॉर्मची तक्रार आली की आम्ही आधी रॅकेटच्या गळ्यातली चिठ्ठी पाहतो: तारीख, तार, ताण.

यावर उपाय साधा आहे. सुटी पाकिटे न घेता 200 मीटरचे रीळ घ्यावे. एका रॅकेटला 11 ते 12 मीटर तार लागते, म्हणजे एका रिळात 16 ते 18 गटिंग होतात. रीळ बॅगेत ठेवले की स्पर्धेच्या ठिकाणी फक्त मजुरी द्यावी लागते.

खरी गफलत ताणाच्या आकड्यात होते. लॉकआउट मशीन ठरलेला ताण आला की खेच थांबवते आणि त्या क्षणापासून तार सैलावू लागते. इलेक्ट्रॉनिक मशीन क्लॅम्प (तार धरून ठेवणारा चिमटा) लागेपर्यंत खेचत राहते. त्यामुळे दोन्हींवर 52 पौंड लावले तरी लॉकआउटवरची रॅकेट मऊ लागते. सुरुवातीला आम्हीही फक्त मशीनवरचा आकडा लिहीत होतो आणि परगावी गेलेल्या खेळाडूला आपली रॅकेट परकी वाटायची. आता गटिंग उतरल्यावर तारांच्या जाळीचा कडकपणा मोजून तोच लिहितो. नव्या ठिकाणी खेळाडूने पहिल्या रॅकेटवर तोच आकडा मोजावा आणि फरकानुसार पौंड वरखाली करून घ्यावेत. तार कुठे तुटली हेही पाहावे. मधोमध तुटली तर ती झिजली आहे. कडेला फ्रेमजवळ तुटली तर ग्रॉमेट (फ्रेमच्या भोकातली प्लास्टिकची नळी) फाटला आहे किंवा चेंडू कडेवर बसतो आहे.

रॅकेटजुळणीचे काम यातूनच आले. एकाच मॉडेलच्या तीन नव्या रॅकेटींच्या वजनात काही ग्रॅमचा फरक असतो आणि समतोलाची जागाही हलते. आम्ही सर्वांत जड रॅकेट प्रमाण धरतो आणि बाकीच्यांना शिशाची पट्टी लावतो, कारण वजन वाढवता येते, कमी करता येत नाही. डोक्याच्या टोकाला 2 ग्रॅम लावले की स्विंगवेट, म्हणजे रॅकेट फिरवताना जाणवणारा जडपणा, सुमारे 6 ते 7 एककांनी वाढते. तेच 2 ग्रॅम मुठीत लावले तर ते जवळपास बदलत नाही. टायब्रेकमध्ये तार तुटली आणि हातात आलेली दुसरी रॅकेट वेगळी फिरली, तर सर्व्हिसची वेळ चुकते. या पातळीवर एक टायब्रेक म्हणजे आठवड्याचे भाडे.

आठवड्याचे भाडे म्हणजे काय, ते आकड्यांतच पाहावे. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमधली सर्वांत खालच्या पायरीवरची एम15 स्पर्धा एकूण 15,000 डॉलर बक्षिसांची. एकेरीत पहिल्या फेरीत हरला तर 156 डॉलर, दुसऱ्या फेरीत 258, उपांत्यपूर्व फेरीत 438, उपांत्य फेरीत 752, उपविजेत्याला 1,272 आणि विजेत्याला 2,160. क्रमवारीचे गुण अनुक्रमे 0, 1, 2, 4, 8 आणि 15. आता चार आठवड्यांचा बरा दौरा धरा: दुसरी फेरी, उपांत्यपूर्व, पहिलीत हार, उपांत्य. मिळकत 1,604 डॉलर, गुण सात. खोलीला रोज 50 डॉलर धरले तर 28 रात्रींचे 1,400 होतात. विमान, जेवण आणि गटिंग अजून बाकीच आहे, आणि बक्षिसातून कर आधीच कापला गेलेला असतो. हा बरा दौरा आहे, वाईट नव्हे.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) पाहणीनुसार 2013 मध्ये प्रशिक्षकाचा खर्च न धरताही पुरुषांत सुमारे 336 व्या आणि महिलांत 253 व्या क्रमांकापर्यंतच कमाई-खर्चाची तोंडमिळवणी होत होती. प्रशिक्षक धरला तर ही रेषा आणखी वर सरकते. भारताचा टेनिसपटू सुमित नागल याने सप्टेंबर 2023 मध्ये आपल्या खात्यात 900 युरो उरल्याचे सांगितले, तेव्हा लोकांना धक्का बसला. आमच्याकडच्या वह्या पाहणाऱ्याला बसला नसता. चार महिन्यांनी तो पात्रता फेरीतून ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पोहोचला, कझाकस्तानच्या अलेक्झांडर बुब्लिकला हरवले आणि दुसऱ्या फेरीचे 1,80,000 ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. त्या वर्षी तिथे पात्रता स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात हरणाऱ्यालाही 31,250 ऑस्ट्रेलियन डॉलर होते. म्हणून पहिल्या अडीचशेच्या आत येऊन चारही ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेऱ्या गाठणे हेच आम्ही प्रत्येक आखणीचे लक्ष्य धरतो. पुरुष व्यावसायिकांचा दौरा चालवणाऱ्या एटीपी संघटनेने 2024 पासून पहिल्या अडीचशे जणांना किमान उत्पन्नाची हमी दिली. त्यात 176 ते 250 क्रमांकांसाठी 75,000 डॉलरची पातळी ठरवली होती. तिथवर पोहोचेपर्यंतचा काळ खेळाडूला स्वतःच्या पैशांवर काढावा लागतो.

त्यामुळे आखणी हे आमचे मुख्य काम झाले. आयटीएफच्या स्पर्धेला नाव द्यायची मुदत स्पर्धेच्या सोमवारआधी 18 दिवस, गुरुवारी संपते. दंडाविना नाव मागे घ्यायची मुदत 13 दिवस आधीच्या मंगळवारी असते. एका आठवड्यातल्या अनेक स्पर्धांत पसंतीक्रम लावून नाव देता येते. आम्ही मंगळवार उलटेपर्यंत न परतणारे तिकीट काढत नाही. मुख्य फेरीत जागा नसेल आणि पात्रता फेरी खेळावी लागणार असेल, तर त्या आठवड्याचा खर्च दोन रात्रींनी वाढवून लिहितो.

मोनास्तिर (ट्युनिशिया), अंताल्या (तुर्कस्तान), शर्म अल-शेख (इजिप्त) अशा ठिकाणी त्याच कोर्टांवर ओळीने कितीतरी आठवडे स्पर्धा होतात. एका विमानभाड्यात तीन-चार स्पर्धा होत असल्याने खेळाडू तिथे सहा-सात आठवडे ठाण मांडतात. आमचे मत याविरुद्ध आहे. चौथ्या आठवड्यापासून पाय जड होतात, सराव नुसता उरकला जातो आणि पहिल्या फेरीतल्या हारी वाढतात. तीन आठवडे स्पर्धा आणि एक आठवडा कोर्टवर खेळाची दुरुस्ती, ही आमची आखणी. दुरुस्तीचा आठवडा तोट्याचा दिसतो, म्हणून तोच आधी कापला जातो. खेळाडू नेमका इथे स्वतःचे नुकसान करून घेतो.

गुणांचेही तसेच आहे. मिळालेले गुण 52 आठवड्यांनी गळतात. एम25, म्हणजे एम15 च्या वरच्या पायरीची स्पर्धा, जिंकून आलेले 25 गुण एकाच सोमवारी जातात, क्रमांक घसरतो आणि पुढच्या एम25 मध्ये मुख्य फेरीऐवजी पात्रता फेरी येते. गळतीच्या आठवड्यांआधी खेळाडू घाबरून दुखऱ्या खांद्याने खेळतो. म्हणून आम्ही गळतीचा तक्ता सहा महिने पुढचा ठेवतो. दुखापत खरीच मोठी असेल तर सहा महिने बाहेर राहून संरक्षित क्रमवारीचा (परतल्यावर दुखापतीआधीच्या क्रमांकावर स्पर्धांत नाव देता येण्याचा) अर्ज करणे शहाणपणाचे असते. तो अर्ज लेखी आणि वेळेत जावा लागतो, आपोआप काही होत नाही.

फॉर्म मोजायला आम्ही निकाल वापरत नाही. दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेल्या गुणांची टक्केवारी आणि परतीचा चेंडू सर्व्हिस लाइनच्या पुढे किती वेळा पडला, एवढे दोनच आकडे दहा सामन्यांवर पाहतो. हे स्थिर असतील तर हारी लागल्या तरी आखणी बदलत नाही. दुसऱ्या सर्व्हिसचा आकडा पडला तर आधी तारा, मग खांदा, मग प्रवास तपासतो.

दुहेरी सोडू नये असा आमचा आग्रह आहे. एम15 मध्ये विजेत्या जोडीला मिळून 930 डॉलर असतात. रक्कम लहान असली तरी एकेरीत सोमवारी हरलेल्याला आठवड्यात सामना मिळतो, आणि नेटजवळचा सराव फुकट होतो.

करकपातीची पावती प्रत्येक स्पर्धेतून त्याच दिवशी घ्यावी. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून साधारण 30 टक्के कापले जातात. मायदेशाच्या करात ते वळते करून घ्यायचे तर पावती आणि निवासी प्रमाणपत्र दोन्ही हवीत. मागाहून आयोजकांकडून कागद मिळवणे फार कठीण.

एक गोष्ट प्रत्येक नव्या खेळाडूला पहिल्याच भेटीत सांगतो. पहिल्या फेरीला 156 डॉलर मिळतात हे सट्टेबाजांनाही ठाऊक असते. पैसे घेऊन सामना मुद्दाम हरण्याचा निरोप आला आणि नकार दिला, तरी काम संपत नाही. तो टेनिसच्या सचोटी संस्थेला न कळवणे हाही नियमभंग आहे. निरोप पुसू नये, उत्तर देऊ नये, त्याच दिवशी कळवावे.

बक्षिसातला टक्का आम्ही घेत नाही. टक्का घेणाऱ्याला खेळाडू जास्त आठवडे खेळावा असे वाटू लागते आणि दुरुस्तीचा आठवडा त्याच्याच डोळ्यांवर येतो. वर्षाची ठरावीक फी चार हप्त्यांत घेतो. गटिंगची मजुरी वेगळी. थकबाकी होते, काही बुडतेही. म्हणून हौशी खेळाडूंचे गटिंग आम्ही कधी बंद केले नाही. मशीनचा हप्ता त्यांच्याच पैशांतून जातो.